घरपट्टीचं बिल आणि दुकानाची जागा : ग्रामसभेत आपला मुद्दा कसा मांडायचा?



चॅनलवर कामरगावसारख्या गावांतून एक प्रश्न सारखा येतो : "दादा, घरच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं, आता घरपट्टी वाढून आली. काय करू?" दुसरा प्रश्न असतो, "रस्त्याला लागून जागा मिळतेय, नमुना ८ आहे, घेऊ का?" दोन्ही प्रश्न थेट आपल्या भांडवलाशी जोडलेले आहेत. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

बिल कसं बनतं?

पूर्वी ग्रामपंचायतीची घरपट्टी क्षेत्रफळावर होती. त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. नंतर ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने ती भांडवली मूल्यावर आली. आता जमिनीचा रेडीरेकनर दर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय (घसारा) आणि वापर बघितला जातो. निवासी वापराचा भारांक १ आहे आणि व्यापारी वापराचा १.२५.

समजा, चार सारख्या खोल्यांच्या बांधकामावर निवासी भारांकाने १,००० रुपये कर बसतो. एका खोलीत किराणा दुकान आहे. फक्त तेवढीच खोली व्यापारी धरली तर कर साधारण १,०६३ रुपये होतो. सगळं घर व्यापारी लावलं तर १,२५०. फरक छोटा दिसतो, पण तो दरवर्षी भरायचा असतो. म्हणून ओरडण्याआधी नमुना ८ चा उतारा काढा. त्यात क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर काय लिहिलाय ते बघा. टिनाचं शेड असताना स्लॅब लिहिलंय का? एवढं तपासलं तरी अर्धं काम होतं.

दर कोण ठरवतं?

शासनाने किमान आणि कमाल दर दिलेत. त्यामध्ये नेमका कोणता दर लावायचा हे ग्रामपंचायत ठराव करून ठरवते. त्याआधी दर जाहीर करून हरकती मागवाव्या लागतात. नोटीस बोर्डावर कागद लागतो, आपण वाचत नाही आणि बिल आल्यावर चिडतो. बोलायची खरी वेळ हरकतीची असते, भाऊ!

पहिले जमीन बघा, मग शटर लावा

नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. कर भरला म्हणून जागा आपली होत नाही. आपल्या विदर्भात ई-क्लास जमिनीवर, म्हणजे गायरानावर, कित्येक टपऱ्या उभ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंह निकालानंतर अशी सार्वजनिक जमीन मोकळी करण्यावर भर आहे. तिथे दीड-दोन लाखांचं फर्निचर लावणं म्हणजे डोळे झाकून जुगार.

शेतजमिनीवर गोडाऊन टाकायचं असेल तर सातबारा आणि अकृषिक वापराचं तहसील कार्यालयात विचारा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आहे. पण प्रादेशिक योजनेत ती जमीन कोणत्या झोनमध्ये आहे, हेही बघावं लागतं.

मुद्दा मांडायच्या पायऱ्या

१. आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटा. चूक टायपिंगची असेल तर तिथेच मिटते.

२. नाही मिटली तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज असा : "माझी मालमत्ता क्रमांक अमुक. नमुना ८ मध्ये पूर्ण इमारत व्यापारी नोंदली आहे. प्रत्यक्षात एकाच खोलीत दुकान आहे. जागेची पाहणी करून नोंद दुरुस्त करावी, ही विनंती."

३. सगळ्यांचा प्रश्न असेल, म्हणजे बाजाराची जागा, गाळ्यांचं भाडं, दिवाबत्ती, तर ग्रामसभेत मांडा. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल तेवढा. पाच दुकानदार मिळून एकच मुद्दा, एकच अर्ज न्या. आणि तो इतिवृत्तात लिहून घेतला का, ते विचारा.

४. तरीही कर चुकीचा वाटला तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार पंचायत समितीकडे अपील करता येतं. कामरगावकरांसाठी ती कारंजाला. त्यानंतर जिल्हा परिषदेची स्थायी समिती. बिल हातात पडल्यावर उशीर करू नका.

बोलून काही होतं का?

पुण्याजवळची फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये महापालिकेत गेली. कर वाढला, पण त्या मानाने सोयी नाहीत, ही रहिवाशांची आणि व्यावसायिकांची तक्रार होती. त्यांनी मागणी लावून धरली आणि २०२४ मध्ये या दोन गावांसाठी वेगळी नगरपरिषद झाली. लागली सात वर्षं. एका दिवसात काही होत नाही, पण होतं.

एक लक्षात ठेवा. वाद चालू आहे म्हणून कर थकवू नका. बँकेत कर्जाला गेलात की कर भरल्याची पावती, थकबाकी नसल्याचा दाखला मागतात. जो कर मान्य आहे तो भरा, नमुना १० ची पावती घ्या आणि बाकीसाठी भांडा. कर भरणाऱ्याचा आवाज ग्रामसभेत जास्त ऐकू येतो.

या आठवड्यात एकच काम करा : आपला नमुना ८ काढा आणि जागेशी जुळवून बघा. पुढच्या व्हिडिओत गाळा भाड्याने घेतानाचा करारनामा बघू. भेटू!