विश्लेषण : कर्व्यांचं मुरूड नेमकं कुठलं? आठवणींच्या पुस्तकातून मुलांना इंटरनेटवर ‘शोधायला’ कसं शिकवायचं?

अंजनवेलमधल्या चौथी-पाचवीतल्या कुठल्याही मुलाला ‘दाभोळ वीज प्रकल्प कुठे आहे?’ असं विचारा. तो हात करून दाखवेल, कारण प्रकल्प त्याच्याच गावाला लागून आहे. दाभोळ गाव मात्र खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. एन्रॉनच्या काळात कंपनीचं नाव ‘दाभोळ पॉवर’ पडलं. 2005 पासून प्रकल्प ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’कडे आहे, तरी इंटरनेटवर अजून ‘दाभोळ’च चालतं. नाव एका गावाचं आणि जागा दुसऱ्या गावाची असू शकते, हे इथल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. मोबाइलवर काही शोधताना तीच शंका घ्यायला मात्र शिकवावं लागतं.

मे महिन्यात गावी गेलो होतो. पाचवीतल्या भाच्याची प्रकल्पवही चालू होती, विषय ‘आपल्या जिल्ह्यातील थोर व्यक्ती’. त्याने महर्षी धोंडो केशव कर्वे निवडले. मोबाइलला तोंडीच प्रश्न विचारला, सगळ्यात वर आलेला परिच्छेद उतरवला आणि छापून आणलेली चित्रं डिंकाने चिकटवली. अर्ध्या तासात काम संपलं. ‘बालपण मुरूड येथे गेले’ या ओळीशेजारी झोकात जंजिरा किल्ला! मी रागावलो नाही. इंजिनीअरिंगला असताना माझे अर्धे सेमिनार रिपोर्ट असेच तयार झाले होते.

मुरूड किती आहेत?

कर्व्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी खेड तालुक्यातल्या शेरवली इथे, आजोळी झाला. ते वाढले दापोली तालुक्यातल्या मुरूडला. रायगडातलं मुरूड वेगळं, लातूर जिल्ह्यातलं आणखी वेगळं. सर्च इंजिनला यातलं कुठलं हवं हे आपण सांगितलं नाही, तर ज्या मुरूडबद्दल जास्त लोक विचारतात आणि जास्त पानं लिहिली गेली आहेत, ते सहसा वर येतं. जंजिऱ्याला पर्यटक जास्त, म्हणून जंजिरा वर. यंत्राचं यात फारसं चुकलेलं नाही, प्रश्नच अर्धवट होता. ‘मुरूड दापोली’ असे दोन शब्द दिले की चित्र बदलतं. ‘मुरुड’ आणि ‘मुरूड’ अशी दोन्ही स्पेलिंग टाकून पाहिली, तर निकालही थोडे वेगळे येतात. हे मुलांना करायला लावा, त्यांना जादूसारखं वाटतं.

गावातच याचा सराव करता येतो. ‘गोपाळगड’ आणि ‘अंजनवेलचा किल्ला’ असे दोन्ही शोध घ्यायचे. किल्ला एकच, पण हाती येणारी पानं सारखी नसतात.

पण यासाठी आत्मवृत्तच का?

कारण त्यात तपासता येण्यासारखं काहीतरी असतं. ‘कर्वे थोर समाजसुधारक होते’ हे वाक्य पाचवीतलं मूल तपासणार कसं? त्याउलट कर्व्यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आत्मवृत्ता’त शाळकरी वयातला एक प्रसंग आहे. एका सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. तिथे पोहोचल्यावर ‘वय लहान दिसतं’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. हा प्रसंग ऐकल्यावर भाचा पहिल्यांदा वहीतून मान वर काढून म्हणाला, ‘मग ते परत कसे आले, मामा?’

इथून खरा शोध सुरू होतो. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी हे अंतर 110 मैल दिलेलं आहे. मैलाला 1.6 ने गुणलं की साधारण 176 किलोमीटर, पाचवीचं गणित. मग नकाशात मुरूड ते सातारा टाकायचं. नकाशा आजचा, गाडीचा रस्ता दाखवतो आणि वाटेत सह्याद्री आडवा येतो. पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढता येतं, नाहीतर चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने पाटणला. कर्वे कुठल्या घाटाने चढले? नकाशातला आकडा 110 मैलांशी जुळला, तरी ते त्याच वाटेने गेले असं सिद्ध होत नाही. त्यासाठी पुस्तकच उघडावं लागेल. म्हणून उत्तर इथे मुद्दाम देत नाही.

पुस्तक मिळण्यात कायद्याची अडचणही नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं कॉपीराइट असतो. कर्वे 9 नोव्हेंबर 1962 रोजी गेले, म्हणजे 2023 पासून त्यांचं लेखन मुक्त आहे. शाळेने त्यातली चार पानं झेरॉक्स करून वाटली, तर कुणी हरकत घेऊ शकत नाही.

आठवण म्हणजे पुरावा का?

नाही, आणि हेही मुलांना सांगायला हवं. प्रसंग घडला आणि तो छापून आला, यात सुमारे 40 वर्षं गेली. लेखकाची आठवण चुकू शकते. ‘श्यामची आई’चं उदाहरण सोपं आहे. साने गुरुजींचं पालगड नकाशात सापडतं, तेही याच दापोली तालुक्यात. पण पुस्तक गोष्टीच्या रूपात आहे, नायकाचं नावही श्याम. त्यातलं गाव तपासता येतं, प्रत्येक संवाद नाही. हा फरक दहा वर्षांच्या मुलाला कळतो, आपण समजतो त्यापेक्षा लवकर.

आता सर्च केल्यावर सर्वात वर एआयने तयार केलेला सारांश येतो. तो अनेक पानांवरची माहिती एकत्र करून लिहिलेला असतो आणि चूक असली तरी तितक्याच ठामपणे बोलतो. मुलांना मोबाइल बंद करायला सांगून उपयोग नाही. ‘हे कुणी लिहिलं?’ आणि ‘आणखी कुठे आहे?’ एवढे दोन प्रश्न वहीत उत्तराखाली लिहायला लावले, तरी उतरवून काढणं निम्म्यावर येईल असं मला वाटतं. अडचण घरची आहे. अनेक घरांत मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जातो आणि मुलाच्या हाती पडेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. झोपेला आलेलं मूल वर आलेलंच उतरवणार. म्हणून हा शोध वर्गात, चार-पाच मुलांत एक मोबाइल देऊन, दिवसाउजेडी व्हायला हवा.

भाच्याने जंजिऱ्याचं चित्र काही काढलं नाही, डिंक पक्का बसला होता. त्याखाली पेन्सिलीने लिहून ठेवलंय : ‘हे ते मुरूड नाही.’