याड लागलं म्हणजे नेमकं काय लागलं?

‘क्रश’ हा शब्द ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आता जाम गुळगुळीत झालाय. नवीन जॉइन झालेल्या एचआरवाल्यावर क्रश, लिफ्टमध्ये दिसणाऱ्या अनोळखी मुलीवर क्रश, झालंच तर तिच्या कुत्र्यावरही क्रश! पण खरोखर झोप उडते तेव्हा? तेव्हा पक्का शहरी पोरगाही हळूच कबूल करतो, ‘याड लागलंय यार!’

हे ‘याड’ आपल्या तोंडी बसवलं ते 29 एप्रिल 2016 ला आलेल्या ‘सैराट’नं. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. मामला अस्सल सोलापूर जिल्ह्याचा! पण शब्द काही सिनेमानं जन्माला घातला नाही. गावाकडच्या बोलीत वेळची ‘येळ’ होते, वेगळंचं ‘येगळं’, तसंच वेडचं ‘येड’. पुढे तेलाचं ‘त्याल’ आणि शेताचं ‘श्यात’ व्हावं, तसं येडचं ‘याड’. तेव्हा ‘अशुद्ध’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनो, जरा सबूर! ही चूक नाही, बोलीचा चक्क नियम आहे.

माझं आजोळ वळसंग. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना लागणारं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. या पट्ट्यात मराठी आणि कन्नड एकाच गप्पांत सुखानं नांदतात. मामेभावाला विचारलं, याडला कन्नडमध्ये काय रे? उत्तर तयार : ‘हुच्चु!’ फरक एवढाच, की कन्नडमध्ये वेड माणसाला ‘धरतं’, मराठीत ते ‘लागतं’. बाय द वे, 2017 मध्ये ‘सैराट’ कन्नडमध्येही गेला, ‘मनसु मल्लिगे’ नावानं. नायिका पुन्हा रिंकूच!

खरी गंमत या ‘लागणं’मध्ये आहे. भूक लागते, तहान लागते, दृष्ट लागते, लळा लागतो. यातलं काहीच आपण ठरवून करत नाही. उलट ‘लाईन मारणं’ आणि ‘पटवणं’ बघा. तिथे कर्ता आपण, समोरची व्यक्ती म्हणजे टार्गेट! ‘आयटम’ आणि ‘माल’ तर तिची थेट वस्तूच करून टाकतात. ‘याड लागलं’ म्हणणारा समोरच्याबद्दल एक अक्षर बोलत नाही, फक्त स्वतःची हालत सांगतो. म्हणूनच आर्चीसारख्या मुलीच्या तोंडीही तो शब्द तितकाच शोभतो. ‘माल’चं तसं होईल का?

पण बॉस, इथेच एक मेख आहे. ‘लागलं, मी काय करू?’ ही पळवाटही होऊ शकते. याड तुम्हाला लागलंय, तिला नाही, हे विसरून रोज तिच्या बसस्टॉपवर उभं राहिलात, तर ते प्रेम नव्हे, त्रास आहे. तिचा नकार हे पूर्ण वाक्य असतं.

आणि दोघांनाही लागलं तर? मामेभावाला विचारलं, हे घरी बोलता का रे? तो हसला. ‘दोस्तांत चालतंय. घरात बोलून बघ की, मग कळतंय!’ पाटलाची मुलगी आणि कोळ्याचा मुलगा, एवढ्यावरून ‘सैराट’मध्ये दोन जीव गेले. त्या गाण्यावर लग्नाच्या वरातीत आपण बेभान नाचतो खरे. पण वरात कुणाची निघते आणि कुणाची निघू देत नाहीत, हे अजूनही जात बघून ठरतं. याडाला जात कळत नाही. ती कळते शहाण्यांना.