चावडीपलीकडची मंडळी

नेवासे तालुक्यात, नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या भागात वडाळा हे गाव आहे. पंचक्रोशीत त्याला ‘वडाळा मिशन’ म्हणूनच ओळखतात. नगर जिल्ह्याच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्या कशा उभ्या राहिल्या, याचा माग घ्यायचा तर या गावाला टाळून चालत नाही.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर) ठाणे केले आणि १८३३ मध्ये तिथे मंडळी स्थापन झाली. १८३९ साली हरि रामचंद्र (हरिपंत) खिस्ती या ब्राह्मण गृहस्थांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात बरीच खळबळ उडाली. मात्र मंडळीची खरी वाढ ब्राह्मण आळीत झाली नाही. ती झाली गावकुसाबाहेर, महार आणि मांग वस्त्यांमध्ये.

याला एक निर्णय बराचसा कारण झाला. मिशनच्या बोस्टन कार्यालयाचे सचिव रुफस अँडरसन १८५४ च्या अखेरीस भारतात आले. मंडळीने आपला खर्च आपण उचलावा, कारभार आपण पाहावा आणि प्रसारही आपणच करावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरात पाळकपदाची दीक्षा मिळाली. इंग्रजी शाळांवरचा भर कमी होऊन मिशनचे लक्ष खेड्यांकडे वळले.

खेड्यात देऊळबांधणीला पैसा कुठून असणार? तिथे आधी शाळा येई. आठवडाभर मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवणारा मास्तरच रविवारी उपासना चालवी. ज्यांना गावच्या शाळेत बसता येत नव्हते, त्यांच्या मुलांच्या हाती पाटी आली, हेच अनेक कुटुंबांना मोठे आकर्षण होते.

त्याची किंमतही मोजावी लागली. गावकीची कामे आणि त्यावर मिळणारे बलुते गावदेवतांच्या विधींशी जोडलेले होते. नव्या धर्मात गेलेल्याने ती कामे नाकारली की पोटावर गदा येई. १८७६-७८ च्या दुष्काळात मिशनने मदतकार्य केले, तेव्हा पोटासाठी धर्म बदलल्याचा टोमणाही कानी पडू लागला. मंडळीत आल्याने जातही लगेच सुटली नाही. महार आणि मांग यांच्यातली जुनी तेढ प्रार्थनेच्या जागेपर्यंत पोचली.

वडाळ्याला अनेक वर्षे राहिलेले मिशनरी सॅम्युएल फेअरबँक हे पक्ष्यांचे जाणकार होते. दक्षिणेतल्या डोंगरांत आढळणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ आहे. पण खेडुतांना रात्र-रात्र बसवून ठेवले ते कीर्तनाने. कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारखे कीर्तनकार वारकऱ्यांच्या ओळखीच्या चालींवर येशूची कथा लावत. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-अभंगांची ही वाट आणखी रुंद केली. ते आणि लक्ष्मीबाई काही काळ राहुरीला होते. ‘स्मृतिचित्रे’त तिथल्या दिवसांच्या आठवणी आहेत.

या मंडळ्यांची माहिती मिशनऱ्यांच्या अहवालांत भरपूर मिळते. खेड्यातल्या मास्तरांनी स्वतः लिहिलेले मात्र फार थोडे हाती आहे. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वह्या, पत्रे किंवा मंडळीची जुनी दप्तरे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवावीत.