मगरमिठी : झटापटीच्या तीन अवस्था व त्यांची मराठी नावे

लोट्याहून परशुराम घाट उतरला, की चिपळुणास वाशिष्ठी नदी लागते. तिच्यात मगरी असल्याने ‘मगरमिठी’ हा शब्द या भागात केवळ आलंकारिक राहत नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या कल्पित भूमिका घेऊन खेळावयाच्या बैठ्या खेळातील प्राण्यांची झटापट मराठीत समजावितानाही तो उपयोगी पडतो.

या खेळाच्या २०१४ च्या नियमांत तीन अवस्था भिन्न मानल्या आहेत. ‘धरलेला’ प्रतिपक्षी जागचा हलू शकत नाही. मात्र त्याचे प्रहार पूर्ववत चालतात. ‘पाडलेल्या’वर जवळून वार करणे सोपे, दुरून बाण मारणे अवघड. ‘जखडलेल्या’वर दोन्ही सोपे. पाडलेल्याचे व जखडलेल्याचे स्वतःचे प्रहारही कमी अचूक होतात. मगरीचा चावा एकाच वेळी धरतो आणि जखडतो. हीच मगरमिठी होय.

प्राणी सोबत बाळगणाऱ्या ‘रेंजर’ या पात्रास मगर मिळत नाही. तिचा आकार आड येतो. लांडगा मिळतो. त्याचा चावा प्रतिपक्ष्यास पाडू शकतो. पडलेल्यास मग रेंजरने धरावे. हालचालच खुंटल्याने त्यास उठता येत नाही. अशा रीतीने दोघांत मिळून मगरमिठी बव्हंशी साधते. परंतु पक्षातील तिरंदाजाचे काम अधिक कठीण होते.

सारांश, तिन्हींकरिता ‘पकडणे’ हे एकच क्रियापद योजल्यास हा भेद लोपतो आणि लांडग्यास केव्हा सोडावे, हे खेळाडूस कळत नाही.