विश्लेषण : बदलापूरच्या कातळात जीवाश्म का सापडत नाहीत? वरळीत मग बेडूक कसे?

पावसाळा सुरू झाला की बदलापूर-वांगणी पट्ट्यात चंदेरी, कोंडेश्वरकडे भटकणाऱ्यांची गर्दी वाढते. काळ्या कातळावर पांढरे गोळे किंवा नेच्यासारखी नक्षी दिसली की 'जीवाश्म सापडला' असे समजून फोटो फिरू लागतात. बहुतेकदा तो जीवाश्म नसतो. पण इथून सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटरवर, वरळीत खरेखुरे जीवाश्म मिळाले आहेत. हा फरक का, हे खडकाच्या थरांतच कळते.

बदलापूरचा खडक कोणता?

बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडलेला लाव्हा थरावर थर साचून दख्खनचा कातळ तयार झाला. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. तप्त लाव्ह्यात पाने, शिंपले, हाडे टिकण्याची शक्यता फारच कमी. ती टिकतात ती पाण्यातल्या बारीक गाळात. असा गाळ घट्ट होऊन पातळ पापुद्र्यांचा शेल बनतो, तर चुन्याचे प्रमाण जास्त असलेला गाळ चुनखडक होतो.

मग ती नक्षी कसली?

लाव्हा थंड होताना त्यातले वायू पोकळ्या सोडून गेले. त्यात पुढे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटीसारखी खनिजे भरली. तेच ते पांढरे गोळे. नेच्यासारखी काळी नक्षी म्हणजे बहुधा भेगेत पसरलेली मँगनीजची संयुगे. आणखी एक फसगत होते ती आम्लाची. सौम्य आम्ल टाकल्यावर फेस आला की तो चुनखडकच, असे नाही. बेसॉल्टच्या पोकळीतले कॅल्साइटही तसेच फसफसते. म्हणून पांढऱ्या ठिपक्यावर नव्हे, मूळ खडकावर चाचणी घ्यावी लागते.

वरळीत काय सापडले?

लाव्ह्याचे दोन प्रवाह येण्यात कधी कधी बराच काळ जायचा. त्या उसंतीत तळी साचत, गाळ बसत असे, जीव वाढत. पुढचा लाव्हा त्यावर पसरला की गाळाचा थर मध्ये बंदिस्त होई. यालाच अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. वरळीच्या शेलमध्ये छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. आज ते 'इंडोबॅट्रॅकस' या नावाने ओळखले जातात. मुंबईच्याच थरांतल्या कासवाचे वर्णन हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये केले.

विदर्भात तर अशा थरांत चुनखडकही आहे. नागपूरजवळच्या टाकळी परिसरातील गोड्या पाण्यातल्या गोगलगायी व इतर जीवाश्मांवर स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये लिहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याच्या जीवाश्म विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले. डायनासोरच्या काळातही गवत होते, हे त्यातून २००५ मध्ये जगासमोर आले.

थराची नोंद कशी करतात?

* सुरुवात तळापासून. थर उलथापालथ झालेले नसतील, तर खालचा थर आधीचा.
* प्रत्येक थराची जाडी टेपने मोजायची. रंग पाहायचा तो ताज्या तुटलेल्या बाजूचा. हवा-पाण्याने बाहेरचा रंग बदलतो.
* कण दिसतात की नाही, पापुद्रे सुटतात का, आम्लाने फेस येतो का, हे लिहायचे.
* वरच्या-खालच्या थराशी सीमा ठळक आहे की हळूहळू बदलणारी, आणि थर कोणत्या दिशेला किती अंशांनी कलला आहे, हे नोंदवायचे. मुंबईतले थर पश्चिमेकडे कललेले आहेत.
* जीवाश्म थरातच आहे की खाली सुटा पडलेला, हे वेगळे लिहायचे. फोटोत मापासाठी पट्टी किंवा नाणे हवे.

एवढी काटेकोर नोंद कशासाठी?

कारण थर पुन्हा पाहायला मिळेलच असे नाही. मुंबईचा बराचसा कातळ आज इमारतींखाली गेला आहे. कोणत्या थरातून आला हे माहीत नसलेला जीवाश्म शोकेसमध्ये शोभतो, पण तो लाव्ह्याच्या कोणत्या प्रवाहाआधीचा, हे सांगू शकत नाही. आणि या थरांचे मोल त्यातच आहे. ज्वालामुखीच्या काळात कोण तगले, कोण संपले, याचा हिशेब तिथेच लिहिलेला असतो. भूवारसा जपण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, तोही याच चिंतेतून.

बदलापूरकरांनी काय पाहावे?

घाटात किंवा खाणीच्या उभ्या कापात दोन काळ्या थरांमध्ये विटकरी लाल पट्टा दिसतो का, ते पाहावे. लाव्हा थांबलेल्या काळात खडक झिजून तो तयार झालेला असू शकतो. त्याच उंचीवर पापुद्र्यांचा करडा गाळ दिसला, तर मात्र हातोडी चालवू नये. जागेचे लोकेशन, माप ठेवून काढलेला फोटो आणि थरांचा क्रम टिपून जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला कळवावे. चालू खाणीत किंवा सुट्या कड्याखाली मात्र जाऊ नये.