सोनोग्राफीतील ‘लहान बाळ’ आणि आपले कर्तव्य

‘बाळाची वाढ दोन आठवडे मागे आहे’, असा सोनोग्राफीचा अहवाल घेऊन गर्भिणी चिकित्सालयात येते, तेव्हा तिच्यासोबतच्या आईची किंवा सासूबाईंची मागणी एकच असते : “वैद्यराज, बाळाचे वजन वाढेल असे काही द्या.” औषधालयातही हीच मागणी होते आणि शतावरी कल्पाचा डबा पुढे केला जातो. त्यापूर्वी अहवाल नीट वाचावा, असे आम्हांस वाटते.

अहवालातील वजन हे मोजलेले नसून डोके, पोट व मांडीचे हाड यांच्या मापांवरून काढलेला अंदाज असतो. त्यात दहा ते पंधरा टक्के फरक पडू शकतो. दोन किलोचे बाळ प्रत्यक्षात १.७ किंवा २.३ किलोचे असू शकते. पाळी अनियमित असल्यास गर्भाचे वयच चुकीचे धरले जाते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी मागवून पाहावी. शिवाय शंभरातील सर्वांत लहान दहा बाळांत गणना झाली, म्हणजे बाळ आजारी आहे असे नव्हे. काही बाळे उपजत लहान पण निरोगी असतात. खरा भेद सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने केलेल्या मापांवरून आणि डॉप्लर तपासणीतून कळतो.

या विषयावरील महत्त्वाचे काम आपल्याच पुण्यात झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील नवजातांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. मात्र २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, आपल्या बाळांत स्नायू व पोटातील अवयव लहान असले तरी त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. म्हणजे केवळ वजनाचा आकडा वाढविणे हे ध्येय असू शकत नाही. २००१ च्या शोधनिबंधात, आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक असलेल्या मातांची बाळे मोठी आढळली. एकूण उष्मांक व प्रथिने यांचा तसा संबंध दिसला नाही.

चरकांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात ‘नागोदर’ सांगताना उपवास-व्रते, कदाहार आणि स्नेहद्वेष ही कारणे दिली आहेत. मासानुमासिक पथ्यात दूध, लोणी व तूप क्रमाने येतात. हे साम्य म्हणजे सिद्धता नव्हे. पण गर्भिणीला तिचे उपवास व रोजचे जेवण विचारण्याची दिशा त्यातून निश्चित मिळते.

मर्यादाही स्पष्ट हव्यात. वार पुरेसे रक्त पोहोचवत नसेल, तर कोणताही कल्प ती उणीव भरून काढील असे आश्वासन आपण देऊ नये. बाळाची हालचाल मंदावणे, रक्तदाब वाढणे, तीव्र डोकेदुखी, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास गर्भिणीला त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनी भस्मयुक्त औषधे वैद्याच्या पत्राविना गर्भिणीस देऊ नयेत. तंबाखू व मशेरीची चौकशी संकोच न करता करावी.

भयभीत गर्भिणीस धीर द्यावा, पण पुढील तपासणीची तारीख लिहून दिल्याखेरीज घरी पाठवू नये. आपल्या औषधाच्या भरवशावर तिची एकही तपासणी चुकली, तर तो दोष आपल्याकडे येतो.