मुंगळ्यांचा गोठा
लोणी काळभोरच्या बाजूला कुठे पपईचं झाड दिसलं, तर फळाआधी बुंध्याकडे बघा. मुंगळ्यांची रांग वर चढत असेल, तर पानामागे पिठ्या ढेकूण असण्याची शक्यता दाट.

पपईवरचा हा कापसासारखा पांढरा किडा मूळचा मेक्सिकोकडचा. भारतात तो 2008 साली कोइमतूरला सापडला आणि दोनेक वर्षांत पुणे जिल्ह्यात पोचला. मादीला पंख नसतात. इवली पिल्लं वाऱ्यावर, रोपांबरोबर, माणसाच्या कपड्यांवर पसरतात. बागेतल्या बागेत मुंग्याही त्यांना उचलून नेतात.

हे फुकटचं नाही. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि जास्तीची साखर चिकट गोड थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. मुंगळ्यांना तेच हवं असतं. बदल्यात ते मित्रकीटकांना हुसकावतात, अगदी दुभत्या गुरांची राखण केल्यासारखे! सांडलेल्या गोडव्यावर काळी बुरशी चढते ती वेगळीच.

2010 मध्ये पोर्टो रिकोहून आणलेल्या 'ॲसेरोफॅगस पपायी' या चिमुकल्या गांधीलमाशीने ही कीड आटोक्यात आणली. पिठ्या ढेकणाच्या पोटात अंडं घालायचं, एवढंच तिचं काम. पण मुंग्यांचा पहारा असला की अशा माशांना ते निवांतपणे करता येत नाही.

म्हणून बुंध्याला चिकट पट्टा बांधावा आणि शेजारचं गाजर गवत उपटावं, कारण ही कीड त्यावरही जगते. झाडाला टेकलेलं तण तसंच राहिलं, तर मुंगळे पट्टा टाळून त्यावरून चढतात.